थिअरी म्हणजे ‘नुसता अंदाज’?

“थिअरी म्हणजे अजून सिद्ध न झालेली कल्पना, सिद्ध झाली की तिचा लॉ होतो.” लातूर-नांदेडकडच्या शिकवणीच्या पोरांमध्ये हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. तसं वाटणं साहजिकच आहे. ‘माझी एक थिअरी आहे’ असं आपण बोलताना म्हणतो, ते अंदाजाबद्दलच. विज्ञानात मात्र अशा अंदाजाला हायपोथेसिस, म्हणजे गृहीतक म्हणतात. (मराठीत तर घोळ व्हायलाच नको होता, सिद्धान्त या शब्दातच ‘सिद्ध’ बसलंय.)

लॉ, म्हणजे नियम, काय घडतं ते सांगतो, थिअरी का घडतं ते. बिनसुईच्या सिरिंजचं तोंड बोटानं दाबून दट्ट्या आत ढकला. तापमान तेच असेल, तर हवा निम्म्या जागेत आली की दाब दुप्पट होतो. हा बॉइलचा नियम, १६६२ चा. पण दाब का वाढतो? रेणू भिंतींवर जास्त वेळा आदळतात म्हणून. हे सांगते कायनेटिक थिअरी. तिला बढती मिळून ती लॉ होत नाही.

पडताळायचं असेल तर शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा ठेवा. पेशी डोळ्यांना दिसतात, तरी ‘सगळे सजीव पेशींचे बनलेले’ हे सांगणाऱ्या सिद्धान्ताचं नाव सेल थिअरीच! उलट बुधाची कक्षा हळूहळू फिरते, तिचा हिशेब करताना न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा लॉ शतकाला ४३ आर्कसेकंदांनी (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) कमी पडतो. तो फरक उलगडला आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सापेक्षतेच्या थिअरीनं.