भरतीच्या थेम्सवर नॅरोबोटींचा ताफा न्यायचाय? लाइमहाउस ते ब्रेंटफर्ड : पात्रता, कागदपत्रं आणि बुकिंग

लंडनमध्ये नॅरोबोट (कालव्यांसाठीची लांब, अरुंद बोट) घेतलेल्या मराठी मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो : कालव्यातून बाहेर पडून टॉवर ब्रिजखालून बोट नेता येईल का? येते. चार-पाच बोटींनी मिळून गेलं तर उत्तमच. पण सुरुवात अर्जापासून करू नका. आधी भरतीचं वेळापत्रक उघडा, कारण तारीख आणि वेळ नदी ठरवते.

लंडन ब्रिजपाशी उधाणाच्या दिवसांत पाणी जवळजवळ 7 मीटर चढतं-उतरतं. मुंबईच्या उधाणापेक्षाही हे जास्त आहे. म्हणून पहिल्या खेपेला भांगाची भरती (उधाणाच्या उलट, कमी चढ-उताराची) निवडा, ओढ कमी असते. पूर्व लंडनमधल्या लाइमहाउसला कालव्यातून थेम्समध्ये उतरायचं आणि पश्चिमेला ब्रेंटफर्डला पुन्हा कालव्यात शिरायचं. हे अंतर सुमारे 25 किलोमीटर. चढत्या पाण्यासोबत गेलात तर साधारण 3 तास लागतात. ब्रेंटफर्डचं थेम्स लॉक (बोट वर-खाली नेणारा दारांचा हौद) पूर्ण भरतीच्या आधी-नंतर सुमारे 2 तासच चालतं आणि तिथली भरती लंडन ब्रिजनंतर साधारण तासाभराने येते. हा हिशेब कागदावर मांडला की लाइमहाउसहून कधी निघायचं ते आपोआप कळतं.

आता पात्रता. खासगी बोट चालवायला ब्रिटनमध्ये चालकाचा परवाना लागत नाही, त्यामुळे अनेकांना वाटतं की इथेही काही लागणार नाही. तसं नाही. ब्रेंटफर्डच्या पुढच्या टेडिंग्टनपासून समुद्रापर्यंतची नदी पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटी या बंदर प्राधिकरणाच्या ताब्यात आहे. 13.7 मीटरपेक्षा लांब बोटीवर चालू व्हीएचएफ रेडिओ (बोटींचा बिनतारी संच) असायलाच हवा, असा तिचा नियम आहे. बहुतेक नॅरोबोटी याहून लांब असतात. पुढच्या बोटीवर रेडिओ आहे म्हणजे सगळ्या ताफ्याचं भागेल, असं धरून चालू नका. भाड्याच्या बोटीचा विचार सोडून द्या, बहुतेक कंपन्या भरतीच्या पाण्यात बोट नेऊ देत नाहीत.

रेडिओसाठी दोन वेगळे कागद लागतात आणि इथेच गल्लत होते. एक बोटीचा : ऑफकॉम या सरकारी दूरसंचार नियामकाचा रेडिओ परवाना. ऑनलाइन अर्ज केला तर तो फुकट मिळतो. दुसरा माणसाचा : रेडिओ वापरण्याचं शॉर्ट रेंज सर्टिफिकेट. त्यासाठी छोटा कोर्स आणि परीक्षा असते. कोर्सची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी हाती घ्या.

बाकीचे कागद तुमच्याकडे असतीलच, पण ते पुन्हा काढून वाचा. कालवे सांभाळणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टचं चालू लायसन्स. बोट सेफ्टी स्कीमचं प्रमाणपत्र, ज्याची मुदत 4 वर्षं असते. आणि विमा. लायसन्ससाठी किमान 20 लाख पौंडांचा तृतीयपक्ष विमा लागतो, तो असतोच. मात्र कित्येक पॉलिसी भरतीचं पाणी वगळतात किंवा आधी कळवायला सांगतात. विमा कंपनीकडून लेखी होकार घ्या आणि ताफ्यातल्या प्रत्येकाकडे तो मागा. मागायला संकोच वाटतो, पण मागाच.

लाइमहाउस लॉकचं बुकिंग ट्रस्टकडे किमान 24 तास आधी करावं लागतं. ताफा असेल तर काही आठवडे आधी बोला, म्हणजे एका भरतीत किती बोटी बाहेर सोडता येतील ते लॉककीपर सांगतील. प्रत्येक बोटीचं नाव, इंडेक्स नंबर (नोंदणी क्रमांक), लांबी, रुंदी आणि फोन नंबर एका यादीत तयार ठेवा. ब्रेंटफर्डलाही त्याच वेळी कळवा. कार्यक्रम म्हणून मोठा ताफा नेत असाल तर बंदर प्राधिकरणाच्या हार्बर मास्टरना आधी कळवणं आवश्यक आहे. निघताना लंडन व्हीटीएसला (नदीवरच्या वाहतुकीचं नियंत्रण केंद्र) रेडिओच्या चॅनल 14 वर बोटींची संख्या आणि कुठे जायचं ते सांगायचं.

एका गोष्टीला अर्ज नाही : वारा. लंडनला वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो आणि भरतीचं पाणी चढतं पश्चिमेकडे. दोघं समोरासमोर आले की आखूड, उभ्या लाटा उठतात. त्यात प्रवासी कॅटमरान (जोड-तळाची वेगवान बोट) गेली की तिच्या लाटा दोन्ही काठांवर आपटून परत येतात. नॅरोबोट सपाट तळाची, जेमतेम 2 मीटर रुंद. पुढच्या बैठ्या डेकवर पाणी आलं तर ते थेट दारातून आत जातं. म्हणून दाराच्या फटी बंद करा. साखळीसकट नांगर पुढे बांधलेला आणि सोडायला मोकळा हवा. वर्षानुवर्षं शांत कालव्यात राहिलेल्या टाकीच्या तळाचा गाळ हलला की तो डिझेलच्या फिल्टरमध्ये अडकतो आणि इंजिन बंद पडतं, तेही नेमकं पुलाजवळ. आठवडाभर आधी टाकी तपासा, जादा फिल्टर जवळ ठेवा. लाइफजॅकेट सगळ्यांनी घालूनच निघायचं. वारा बोफर्ट 4 (वाऱ्याच्या जोराच्या मापावर) च्या वर सांगितला असेल तर माझ्या मते ताफा रद्दच करावा. हे आदल्या रात्री एकानेच ठरवावं, सकाळी सगळ्यांनी मिळून नव्हे.

लॉकचं दार उघडल्यावरचे पहिले काही क्षण जपायचे. बोटीचं तोंड ओढीत शिरतं आणि मागचा भाग अजून लॉकच्या स्थिर पाण्यात असतो. तोंड उजवीकडे, पश्चिमेला ढकललं जातं. तेव्हा वेग कमी करू नका, जोर देऊन पूर्ण बाहेर या आणि मग वळा. पुढे उजवी बाजू धरा. पुलाच्या कमानीवर गवताची पेंढी टांगलेली दिसली तर तिथली उंची कमी झाली आहे असं समजा. हा जुना नियम आजही चालू आहे. उलट्या त्रिकोणात तीन लाल दिवे किंवा तबकड्या म्हणजे कमान बंद. संसद भवनापासून 70 मीटर दूर राहायचं, फोटोसाठीसुद्धा जवळ जायचं नाही.

ब्रेंटफर्डची वेळ चुकली तर टेडिंग्टन गाठावं लागतं. तिथून पुढची नदी एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेची. ट्रस्ट आणि एजन्सी यांचं मिळून असलेलं गोल्ड लायसन्स असेल तर दोन्हीकडे चालतं, नसेल तर अल्पमुदतीची नोंदणी लागते. तिची चौकशी लाइमहाउस सोडण्याआधीच करून ठेवा.