एव्होराला निघालात? गाडी तटाबाहेरच ठेवा

पोर्तुगालमध्ये स्वतः गाडी चालवत फिरणाऱ्या आमच्या ग्राहकांचा ठरलेला प्रश्न: "हॉटेल एव्होराच्या तटबंदीतल्या जुन्या शहरातच आहे, मग गाडी दारापर्यंत का न्यायची नाही?"

मोबाइलचा नकाशा नेतो दारापर्यंत, पण गल्ल्या एकेरी आणि अरुंद. एक वळण चुकलं की परत शहराच्या तटाला वळसा. साइड मिरर मिटूनही भिंतीला घासला, तर भाड्याच्या गाडीचं डिपॉझिट अडकतं. आत बऱ्याच जागा रहिवाशांसाठी राखीव आहेत. सामान उतरवून पार्किंग शोधेपर्यंत सकाळ जाते.

म्हणून आमच्या कार्यक्रमात गाडी दक्षिणेकडच्या रोस्सिओ मैदानावर थांबते. मोठ्या बॅगांसाठी टॅक्सी आम्ही सांगून ठेवतो. दगडी फरशीवर बॅगेची चाकं टिकत नाहीत. तिथून रुआ द रिपब्लिकाने चालत दहा मिनिटांत जिराल्दो हा मुख्य चौक.

वाटेत सांव फ्रान्सिस्को चर्च लागतं. हाडांचं चॅपल तिथलंच: भिंती आणि खांब माणसांच्या हाडाकवट्यांनी मढवलेले, दारावर "आम्ही इथली हाडं, तुमच्या हाडांची वाट पाहतो" असा मजकूर. ते आम्ही मुद्दाम परतीवर ठेवतो, त्यावर कुरकुर होते. पण उन्हाळ्यात आलेंतेजूत, म्हणजे एव्होराच्या प्रांतात, पारा कधी कधी चाळिशी ओलांडतो आणि रोमन मंदिर उघड्यावर आहे. त्यामुळे चढण सकाळीच उरकायची: चौकातून रुआ सिंकु द औतुब्रुने वर से कॅथेड्रल (जुन्या गोव्यातल्या 'से' कॅथेड्रलच्या नावातला शब्द तोच), त्याचं छत, मग मंदिर.

मंदिर इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. जवळ जाऊन पाहा: खांब ग्रॅनाइटचे, माथ्याची कोरीव फुलं जवळच्या एश्त्रेमोश गावच्या संगमरवराची. 'डायाना' या रोमन देवीचं मंदिर म्हणतात, पण त्याला पुरावा नाही. मध्ययुगात खांबांमधली जागा भिंतींनी बुजवली गेली, 1836 पर्यंत आत खाटीकखाना होता. त्या भिंतींनीच खांब वाचवले, असं म्हणायला हरकत नाही.

वायव्येला रुआ दु कानुवर 1537 मध्ये पुऱ्या झालेल्या, शहरात पाणी आणणाऱ्या उंच पाटाच्या कमानी आहेत. कमानींतच घरं आणि दुकानं बांधलेली आहेत. गाडीतून ही गंमत कळत नाही.

जेवायला आसोर्डा मागवा: पाव, लसूण, भरपूर कोथिंबीर, वर अंडं. मासा नको असेल तर आधीच सांगा, त्यात बऱ्याचदा बाकाल्याव (खारवलेला कॉड मासा) घालतात.

लिस्बनहून अंतर सुमारे 130 किलोमीटर. टोलनाक्यावर हिरव्या 'व्ही'ची रांग फक्त यंत्र बसवलेल्या गाड्यांसाठी; तुमच्या गाडीत ते आहे का, हे गाडी घेतानाच विचारा. अर्ध्या दिवसात एव्होरा उरकता येतं, पण एक रात्र राहावं असं आम्ही सुचवतो. संध्याकाळी एकदिवसीय बस गेल्या की चौक मोकळा मिळतो.

जूनच्या अखेरीस रोस्सिओवर सांव जुआंवची जत्रा असते, तेव्हा तिथे पार्किंग मिळत नाही. त्या तारखा असतील तर आधी कळवा, आम्ही रेल्वेची तिकिटं काढून देऊ. स्टेशनपासून चौक चालत वीसेक मिनिटं.