क्रॉस-लिंकिंगोत्तर स्वच्छमंडल धूसरता

स्वच्छमंडल (पारपटल, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याच्या केराटोकोनस या विकारात कोलॅजन क्रॉस-लिंकिंगचा, म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंमध्ये जादा बंध जोडून स्वच्छमंडल बळकट करण्याचा, उपचार केल्यावर त्याच्या आधारस्तरात, म्हणजे स्ट्रोमात, येणारा व बहुधा तात्पुरता असणारा धुरकटपणा. नेत्रतज्ज्ञ त्याला नुसते ‘हेझ’ म्हणतात.

मूळ उपचारपद्धती जर्मनीतील ड्रेझ्डेन येथे विकसित झाली. वोलेनझाक, श्पर्ल व झायलर यांनी रुग्णांवरील पहिले निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. या पद्धतीत स्वच्छमंडलावरील उपकला (पेशींचा सर्वांत वरचा पातळ थर) खरवडून रायबोफ्लेविनचे (ब-२ जीवनसत्त्वाचे) ०.१ टक्के द्रावण ३० मिनिटे थेंबाथेंबाने मुरवतात. मग ३७० नॅनोमीटरच्या आसपासचे जंबुपार किरण दर चौ. सेंमी.ला ३ मिलिवॉट तीव्रतेने आणखी ३० मिनिटे सोडतात.

स्लिट लॅम्पखाली (डोळ्यावर प्रकाशाची अरुंद फट टाकून पाहण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली) धूसरता बारीक धूळ बसल्यासारखी दिसते. लेसरने चष्म्याचा नंबर घालवल्यावर (पीआरके) उपकलेलगत जाळीदार डाग येतो, त्याहून ही खोल व पसरट असते. सुमारे ३०० मायक्रोमीटर खोलीवर एक फिकट सीमारेषाही उमटते. झायलर व हाफेझी यांनी २००६ मध्ये तिचे वर्णन केले. ही रेषा उपचार किती खोल पोहोचला याची खूण मानण्याचा प्रघात आहे. मात्र रेषा जितकी खोल तितका उपचार परिणामकारक, हे समीकरण सिद्ध झालेले नाही.

धूसरतेच्या कारणाबद्दल एकमत नाही. किरणांच्या माऱ्याने आधारस्तरातील केराटोसाइट पेशी मरतात, तेथे सूज येते आणि पुढील काही महिन्यांत शेजारच्या पेशी सक्रिय होऊन ती जागा भरून काढतात; या घडामोडीत प्रकाश विखुरतो, असे एक मत. कोलॅजन तंतूंची जाडी व त्यांमधील अंतर बदलल्यानेच पारदर्शकता घटते, असे दुसरे. धूसरता काळानुसार ओसरते, तंतूंमधले बंध मात्र टिकून राहतात. हे पाहता पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. दोन्ही कारणे एकत्र असणेही अशक्य नाही.

ग्रीनस्टाइन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये शाइम्प्फ्लूग छायाचित्रणाने (डोळ्याच्या पुढच्या भागाचे आडवे छेद टिपणाऱ्या पद्धतीने) केलेल्या मोजणीत धूसरता पहिल्या महिन्यात सर्वाधिक आढळली. तिसऱ्या महिन्यापर्यंत ती जवळपास तशीच राहिली व नंतर उतरत गेली. धूसरतेचे मोजमाप आणि दृष्टीची तीक्ष्णता यांचा मेळ फारसा बसत नाही. त्यामुळे तक्त्यावरची अक्षरे नीट वाचणाऱ्या रुग्णाच्या डोळ्यातही ती तपासणीत दिसू शकते.

काही डोळ्यांत ती कायमची राहते. राइस्कुप व सहकाऱ्यांच्या २००९ मधील पाहणीत १६३ डोळ्यांपैकी १४ डोळ्यांत, म्हणजे ८.६ टक्के, वर्षभरानंतरही ती टिकून होती व स्टेरॉइड थेंबांना दाद देत नव्हती. उपचारापूर्वी या डोळ्यांचे स्वच्छमंडल अधिक पातळ व अधिक बाकदार होते.

उपकला न काढता केलेल्या उपचारात धूसरता कमी आढळते, पण विकार थोपवण्याची क्षमताही सामान्यतः कमी पडते. उपचारानंतरच्या पहिल्या काही दिवसांत वेदना, लाली व एकाच जागी पांढरा ठिपका दिसल्यास ती धूसरता न समजता प्रथम जंतुसंसर्गाची शक्यता तपासतात.