वित्तीय उदारीकरण (सोलापूरच्या संदर्भात)

वित्तीय उदारीकरण म्हणजे बँका, व्याजदर, शेअर बाजार, परदेशी पैसा यांच्यावरचा सरकारी लगाम हळूहळू सैल करणं. आपल्याकडं १९६९ ला १४ आणि १९८० ला अजून ६ बँका सरकारनं ताब्यात घेतल्या, त्यामुळं कर्ज कुणाला आणि किती टक्क्यानं हे बरंचसं दिल्लीतच ठरायचं. १९९१ ला परकीय चलन संपत आलं, सोनं परदेशात गहाण टाकावं लागलं, मग राव-मनमोहन सिंग सरकारनं दारं उघडली. बँक सुधारणांसाठीची नरसिंहम समिती, १९९२ ला सेबीला (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) कायद्याचे अधिकार, पुढं नव्या खासगी बँका, हे सगळं पाठ्यपुस्तकात आहेच.

सोलापुरात बघायचं तर गिरण्यांपासून सुरुवात करू नये. ‘उदारीकरणानं गिरण्या खाल्ल्या’ ह्याला सभेत टाळ्या पडतात, पण ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी इथली मोठी कापड गिरणी १९६० च्या दशकातच बंद पडलेली. खरा फरक शहराच्या पूर्व भागात यंत्रमागवाल्यांच्यात दिसतो. १९९९ ला कापड धंद्यातली यंत्रं सुधारायला केंद्राची टफ योजना आली, नव्या मशीनच्या कर्जावरचं ५ टक्के व्याज सरकार सोसणार. मग ज्याच्याकडं तारणाला जागा, ऑडिट केलेले हिशोब आणि बँकेत उठबस, त्याला रॅपियर लूम (बिनधोट्याचा वेगवान माग) घेऊन टॉवेल एक्स्पोर्टमध्ये उतरता आलं, आणि घराखाली चार साधे माग असलेला तिथंच खडखडत राहिला. व्याज स्वस्त झालं, पण ते कुणासाठी हे कागदावर ठरलं.

राजकारणात गंमत वेगळीच. सहकारात कर्ज मंजूर करणारा आणि मत मागणारा बऱ्याचदा एकच माणूस, म्हणजे साखर कारखाना, पतसंस्था, बँक सगळं एकाच घरात. थकबाकीचे नियम कडक झाले, बँकिंग कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनं नागरी सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचा हात घट्ट झाला, तशी ही पकड ढिली पडायला लागली (संपली म्हणणारा भोळा). डाव्यांचंही राजकारण बदललं. माकपचे नेते आडम मास्तर यांची कामगार युनियन मजुरीसोबत घरांसाठीही लढली, सोलापूरजवळच्या कुंभारीतली ३० हजार घरांची कामगार वसाहत, रे नगर, त्यातूनच उभी राहिली आणि जानेवारी २०२४ मध्ये पहिली १५ हजार घरं पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली.

विडी वळणाऱ्या बायकांपर्यंत खुला बाजार पोचला तो मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांच्या रूपात. तारण नाही, गटातल्या बायका एकमेकींना जामीन. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात, म्हणजे वसुलीचं काम शेजारणीच करतात आणि भांडणंही त्यांच्यातच लागतात. २०२२ ला रिझर्व्ह बँकेनं या कर्जांवरची व्याजाची मर्यादा काढली, मात्र सगळे हप्ते मिळून घरच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नयेत अशी अट घातली. २०१७ आणि २०१९ च्या राज्याच्या कर्जमाफ्या शेतकऱ्यांसाठी होत्या, त्यात ह्या बायका बसत नाहीत. मजुरीसाठी कारखान्यावर नाहीतर कलेक्टर ऑफिसवर मोर्चा नेता येतो. पण गटाच्या कर्जासाठी तो न्यायचा कुठं? कर्ज देणाऱ्या कंपनीचं मेन ऑफिस भलत्याच शहरात, आणि इथं हप्ता गोळा करायला येणारा पोरगा स्वतःच टार्गेटवर नोकरी करणारा.