मुरानोच्या फुलदाण्या : ओळख आणि संग्रह

व्हेनिसच्या उत्तरेस सुमारे दीड किमी. वर, खारकच्छातील मुरानो या बेटसमूहावर हाताने फुंकून घडवलेल्या काचेच्या फुलदाण्या. संग्राहक ‘जुनी मुरानो’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा १९२० नंतरच्या पाच दशकांतले काम असते. वाड्यांतल्या हंड्या-झुंबरांना आपण सरसकट ‘बेल्जियमची काच’ म्हणतो, तसे जगभर कुठल्याही जाड, रंगीत, वळणदार काचपात्राला ‘मुरानो’ म्हणायची सवय पडली आहे. म्हणून या छंदात ओळख पटवणे हेच निम्मे काम. त्याची सुरुवात फुलदाणी उलटी करून तळ पाहण्यापासून होते; तिच्यावर चिकटवलेली कारखान्याची चिठ्ठी नंतर वाचावी.

व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२९१ मध्ये शहरातल्या काचभट्ट्या आगीच्या भयाने मुरानोला हलवल्या. कारागीर एका बेटावर एकवटल्याने त्यांच्यावर नजर ठेवणेही सोपे झाले. धंद्याचे गुपित घेऊन परमुलखात जाणाऱ्याला शिक्षा होती. पंधराव्या शतकाच्या मध्यास आंजेलो बारोव्हिएर याने ‘क्रिस्ताल्लो’ ही जवळपास रंगहीन काच सिद्ध केली. १७९७ मध्ये प्रजासत्ताक कोसळले आणि धंदाही बसला. अंतोनियो साल्व्हियाती याने १८५९ मध्ये काढलेला, आधी मोझेइक आणि मग फुंकीव काच करणारा कारखाना व १८६१ मध्ये स्थापन झालेले काचसंग्रहालय यांमुळे त्याला पुन्हा उभारी आली.

मुरानोची पारंपरिक काच सोड्याची आहे, शिशाची नाही. ती सावकाश घट्ट होते, त्यामुळे कारागिराला ताणायला, मुडपायला, दोन फुगे एकमेकांना जोडायला वेळ मिळतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की बाकीच्या बऱ्याच खुणांचा उलगडा होतो. शिशाच्या स्फटिककाचेसारखी ती जड लागत नाही, टिचकी मारल्यावर तशी दीर्घ घुमतही नाही. आणि तिचे सौंदर्य बाहेरून कापलेल्या नक्षीपेक्षा काच गरम असताना केलेल्या कामात असते.

विसाव्या शतकातला खरा बहर १९२१ पासून धरावा. त्या वर्षी मिलानचा वकील पाओलो व्हेनीनी आणि व्हेनिसचा जुन्या वस्तूंचा व्यापारी जाकोमो काप्पेल्लिन यांनी भागीदारीत कारखाना काढला. त्यांचा चित्रकार व्हित्तोरियो झेक्किन याने सोळाव्या शतकातला चित्रकार व्हेरोनेझे याच्या एका चित्रात रंगवलेली काचेची सुरई उचलून तशीच फुलदाणी घडवून घेतली. नक्षी नाही, सोनेरी वेल नाही. नुसता पातळ, स्वच्छ आकार. पुढे व्हेनीनीच्या कारखान्यात वास्तुविशारद कार्लो स्कार्पा याने १९३२ ते १९४७ या काळात जे केले, त्याला माझ्या मते त्या शतकात तोड नाही. थंड काचेवर चाकाने असंख्य उथळ टवके काढून ठोकलेल्या धातूसारखा पोत आणणारे ‘बत्तुतो’, आम्लाने खरवडलेले ‘कोर्रोसो’ आणि रंगाचे कुंचल्यासारखे फटकारे असलेले ‘पेन्नेल्लाते’ ही त्याचीच कामे. मुरानोतील इतर घराण्यांपैकी एर्कोले बारोव्हिएर, आर्किमेदे सेगुसो, आल्फ्रेदो बार्बिनी आणि आउरेलियानो तोझोसाठी ‘ओरिएंते’ ही रंगांची बेभान मालिका करणारा दिनो मार्तेन्स ही नावे संग्राहकाला पाठ असावीत.

तंत्रांची नावे पुष्कळ आहेत, पण चार नीट कळली तरी दुकानात नजर चालू लागते. ‘सोम्मेर्सो’ म्हणजे बुडवलेले: रंगीत काचेचा गर दुसऱ्या रंगाच्या व पारदर्शक काचेच्या जाड थरांत बुडवतात. फ्लाव्हियो पोलीने सेगुसो व्हेत्री दार्ते या कारखान्यासाठी केलेल्या अशा पात्रांत एक रंग दुसऱ्यात तरंगतो, आणि दोघांमधली रेघ तळापर्यंत स्वच्छ राहते. ‘फिलिग्राना’त पांढऱ्या वा रंगीत काचेचे तंतू आत गुंफलेले असतात. ‘मुर्रीने’ म्हणजे काचेच्या कांडीचे आडवे काप, गाजराच्या चकत्यांसारखे, प्रत्येकात तीच नक्षी. ‘आव्हेंतुरिना’त तांब्याचे सूक्ष्म स्फटिक चमकतात, त्याला सोन्याचा वर्ख समजण्याची चूक नेहमी होते.

फात्सोलेत्तो म्हणजे हातरुमाल. फुल्व्हियो बियांकोनी आणि पाओलो व्हेनीनी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस घडवलेली ही फुलदाणी या साऱ्या प्रकरणाचा उत्तम धडा आहे. उघडलेली गरम काच तळाला चिकटवलेल्या लोखंडी सळईवर खाली तोंड करून धरतात आणि कडा स्वतःच्या वजनाने लोंबून चुण्या पडतात. म्हणून दोन रुमाल कधी हुबेहूब सारखे नसतात. इंग्लंडमधील चान्स ब्रदर्सनेही रुमालाच्या आकाराची भांडी काढली, पण ती सपाट काचेचा तुकडा तापवून वाकवलेली. त्यांच्या तळाला सळई लागलेलीच नसते, नक्षी छापील असते आणि जाडी सगळीकडे एकसारखी. दोन्ही शेजारी ठेवून कडेवरून बोट फिरवले की फरक हाताला कळतो.

तळावर काय पाहावे? फुंकणीवरून काढलेले भांडे तोंड घडवण्यासाठी सळईवर घेतात. ती तोडल्यावर उरणारी खूण चांगल्या कारखान्यात घासून गुळगुळीत केलेली असते. जिथे तळ टेबलाला टेकतो तिथे वर्षानुवर्षांच्या वापराचे बारीक ओरखडे वेड्यावाकड्या दिशांनी गेलेले दिसतात. सगळे ओरखडे एकाच दिशेने असतील तर कोणीतरी पॉलिशकागद मारला आहे. मूळ काठ आगीवर फिरवलेला, म्हणून मऊ गोलसर लागतो. काठ सपाट आणि धारदार असेल तर टवका उडाल्यावर तो घासून खाली आणलेला असण्याची शंका घ्यावी.

व्हेनीनीच्या जुन्या पात्रांवर आम्लाने उमटवलेला तीन ओळींचा शिक्का असतो: व्हेनीनी, मुरानो, इटालिया. नंतरच्या कामावर हिऱ्याच्या टोकाने कोरलेली सही येते. पण सही कोरायला कुणालाही एक सुई पुरते, आणि चकाकत्या कागदाची चिठ्ठी चिकटवणे त्याहून सोपे. उलट अनेक उत्तम कारखान्यांचा माल केवळ चिठ्ठी लावूनच बाहेर पडे, आणि ती पहिल्या धुण्यातच निघून जाई. त्यामुळे सही नसणे हा दोष मानू नये. ‘व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ (मुरानोची कलात्मक काच) या बोधचिन्हाचा कायदा व्हेनेतो प्रांताने १९९४ मध्ये केला. १९५० च्या फुलदाणीवर ते शोधणे व्यर्थ आहे. आणखी एक: व्हेनीनी आपल्या गाजलेल्या रचना आजही बनवते आणि तळावर वर्ष कोरते. रचनेचे वर्ष आणि बनवल्याचे वर्ष यांत किंमतीचे मोठे अंतर असते.

मुरानो म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंत तस्कनीतील एंपोलीची हिरवी, साच्यात फुंकलेली काच बरीच सापडते. तीही इटालियन, तीही देखणी. तिला तिच्याच नावाने जपावे. बोहेमियाची जाड दुरंगी पात्रे आणि अलीकडची चिनी नक्कल हे दुसरे दोन गट. नकलेत रंगांच्या सीमा फरफटलेल्या आणि भांडे कारणाविना जड असते.

संग्रह सुरू करणाऱ्याने पहिल्या वर्षी खरेदीपेक्षा हाताळणी जास्त करावी. कारखान्यांच्या जुन्या नमुनावह्या पुनर्मुद्रित झाल्या आहेत. त्यांतील आराखडा, क्रमांक आणि रंग जुळवून पाहावेत. उंचीत थोडा फरक हातकामात असणारच. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात २०१३ मध्ये स्कार्पाच्या काचेचे प्रदर्शन भरल्यावर त्याच्या कामाची ओळख खूप पसरली. तरीही २०२३ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियात एका जुन्या वस्तूंच्या दुकानात ‘पेन्नेल्लाते’ मालिकेतली फुलदाणी ३.९९ डॉलरला पडून होती. घेणारीने तिचा तळ पाहिला, ती अखंड आहे याची खात्री केली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात ती लिलावात १,०७,१०० डॉलरला गेली. अखंडपणाला इथे किती मोल आहे ते यावरून कळेल: एक टवका असता तर हा आकडा कुठल्या कुठे घसरला असता.

घरी आणल्यावर कोमट पाण्याने, सौम्य साबणाने धुवावे, तेही सिंकमध्ये टॉवेल अंथरून. एकदम गरम वा एकदम गार पाणी जाड थरांच्या काचेला सोसत नाही. फुले ठेवायचीच असतील तर रात्री पाणी ओतून टाकावे. आत साचलेला पांढुरका थर एकदा काचेला खाऊ लागला की निघत नाही.