चाचा की सरखेल?

ओहोटीला अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. मागच्या हिवाळ्यात वाटेत एक शाळकरी मुलगा टांगेवाल्याला विचारत होता, "काका, इथं पायरेट राहायचे ना?" टांगेवाल्याने लगाम ओढला. "पायरेट नाय रे पोरा, सरखेल!"

कान्होजी आंग्रे 1729 साली गेले, पण हा वाद अजून मिटलेला नाही. इंग्रजांच्या दप्तरात ते 'पायरेट', म्हणजे आपल्या भाषेत चाचा. मराठ्यांच्या दप्तरात ते सरखेल, आरमाराचे प्रमुख. यातलं 'सर' सरदार आणि सरपंचमधलंच. 'खेल' मुळात अरबी 'खैल', म्हणजे घोडे; फारसीत त्याचा अर्थ तुकडी असाही झाला. घोड्यांचा शब्द असा गलबतांवर चढला.

भांडण होतं दस्तकाचं. आंग्र्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, नसलेलं व्यापारी गलबत त्यांचं आरमार पकडायचं. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून हेच करत होते, फक्त त्यांच्या परवान्याला 'कार्ताझ' म्हणत. इंग्रज कंपनीही परवाने द्यायची. मग चाचे एकटे आंग्रेच कसे? मला तरी हा शब्द वर्णन वाटत नाही, तो आरोप आहे.

गंमत आपल्याच भाषेतही सापडते. 'चाचेगिरी' आणि 'मुलूखगिरी' शेजारी ठेवून बघा. 'मुलूखगिरी'तली 'गिरी' फारसी 'गिरिफ्तन'वरून आली, म्हणजे धरणं, घेणं. मुलूख घेणं ती मुलूखगिरी. पुढे 'गिरी' वागण्याला, धंद्याला चिकटली आणि त्यातून दादागिरी, चाचेगिरी असे शब्द झाले. परमुलखात घोडे घालून खंडणी आणली की मुलूखगिरी, आणि ती आपण अभिमानाने सांगतो. तेच समुद्रावर झालं की शब्द बदलतो. प्रत्यय तोच, निवाडा करतो तो त्याच्या आधीचा शब्द.

कायद्याने या शब्दाला कुंपण घातलंय. 1982 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारात चाचेगिरी म्हणजे खासगी हेतूने, खुल्या समुद्रात, एका जहाजावरच्या लोकांनी दुसऱ्या जहाजावर केलेली लूट किंवा हिंसा. भारतानेही 2022 साली चाचेगिरीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या, म्हणजे साधारण 22 किलोमीटरच्या आत जहाज लुटलं, तर तो दरोडा. बातम्यांत मात्र दोन्हीकडे 'चाचे'च छापून येतं.

यातला 'खासगी हेतू' फार महत्त्वाचा. कान्होजी छत्रपतींच्या सनदेने समुद्र राखत होते. आजच्या व्याख्येने बघितलं, तरी टांगेवाल्याचंच बरोबर.