ट्यूब काढल्यावर चाकात काय बदलते

कोल्हापुरात मोटारसायकलच्या ट्यूबलेस टायरचे आता कुणाला अप्रूप राहिलेले नाही. खिळा घुसला तर पंक्चरवाला चाक न उतरवता पकडीने तो उपटतो, भोक खरवडतो, दाभणाने त्यात चिकट रबरी दोरी खुपसतो, वरचे टोक कापतो आणि पाच-दहा मिनिटांत गाडी रस्त्याला लागते. हीच सोय आपल्या डोंगरी सायकलीलाही असावी, या इच्छेने जोतिबा, पन्हाळा आणि मसाई पठाराच्या वाटा तुडवणारे अनेक जण ट्यूब काढून टाकण्याच्या खटपटीत पडतात. माझ्या मते मात्र पंक्चर टळणे हा या बदलाचा दुय्यम लाभ आहे. खरा लाभ असा, की ट्यूब गेल्यावर टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, आणि दगडमातीवरची पकड वाढते ती त्या कमी हवेमुळे.

येथे शाळेत शिकलेला घर्षणाचा नियम आडवा येतो. घर्षण भारावर अवलंबून असते, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर नसते, असे आपण पाठ केलेले असते. लाकडाला आणि लोखंडाला ते बऱ्यापैकी लागूही पडते. रबर मात्र हा नियम पाळत नाही. ते मऊ असल्यामुळे दगडाच्या बारीक खाचखळग्यांत शिरते आणि तेथे दोन प्रकारे धरून राहते: एक तर रेणूंच्या पातळीवर चिकटून, आणि दुसरे म्हणजे प्रत्येक उंचवट्यावरून सरकताना दबत-फुगत ऊर्जा गिळून. दबलेले रबर पूर्ववत व्हायला जरा वेळ घेते आणि त्याच्या या आळसामुळेच सरकण्याला विरोध होतो. १९६३ मध्ये संशोधक के. ए. ग्रॉश यांनी निरनिराळ्या वेगांना आणि तापमानांना रबराचे घर्षण मोजून दाखवले, की ते रबराच्या या अर्धवट लवचिक, अर्धवट चिकट स्वभावाशी बांधलेले असते. कातडी तळाची कोल्हापुरी चप्पल ओल्या फरशीवर सटकते आणि टायरचा तळ लावलेली चप्पल तेथेच टिकून राहते, त्यामागेही हेच कारण आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की दर चौरस इंचावरचा दाब वाढला की रबराचा घर्षणांक उतरतो. म्हणून तोच भार अधिक जागेवर पसरला तर पकड सुधारते.

हिशेब सोपा आहे. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरले आणि त्यातला ६० टक्के भार मागच्या चाकावर आला, तर तो ५१ किलो, म्हणजे ११२ पौंड होतो. टायरमध्ये ४० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला ४० पौंड दाबाची, हवा असेल, तर ११२ भागिले ४०, म्हणजे सुमारे २.८ चौरस इंच रबर जमिनीला टेकते. हवा २४ पीएसआयवर आणली की तेच क्षेत्र ४.७ चौरस इंच होते. टायरच्या भिंतीचा स्वतःचा ताठरपणा यात धरलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा कमी भरेल.

मात्र पठारावरच्या जांभ्यावर क्षेत्रफळापेक्षाही दुसरी एक गोष्ट मोलाची ठरते. टणक फुगवलेले चाक दगडावर आदळून उडते, आणि जितका वेळ ते हवेत असते तितका वेळ पकड शून्य असते. कमी हवेचे टायर दगडाभोवती वाकते, त्याला कवेत घेते आणि चाक जमिनीला लागून राहते. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर कमी हवेची सायकल जड चालते हे खरे. पण खडबडीत वाटेवर ती उलट हलकी चालू शकते, कारण एरवी स्वाराचे अंग वर-खाली हिसकण्यात वाया जाणारी ताकद वाचते. अर्थात कमी हवा हा सर्वत्र लागू पडणारा इलाज नाही. उन्हाळ्यात टणक जमिनीवर सुटा मुरूम पसरलेला असतो, तेव्हा खडेच गोट्यांसारखे फिरतात आणि रबर कितीही चांगले असले तरी त्याचा फारसा उपयोग होत नाही. पावसाळ्यातल्या चिकणमातीत तर टायरचे गट्टू किती उंच आणि किती विरळ आहेत, यावरच सारे ठरते.

ट्यूब असताना हवा एवढी कमी का ठेवता येत नाही, याचे उत्तर पंक्चर झालेल्या ट्यूबवरच लिहिलेले असते. चाक दगडावर आपटले की ट्यूब दगड आणि रिमची कड यांच्यामध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. ट्यूबच नसेल तर हा धोका बराच कमी होतो. हवा फारच कमी असली तर रिमला पोचा पडतो, ते वेगळे.

ट्यूब काढल्यावर हवा अडवायची कोणी, हा पुढचा प्रश्न. मोटारसायकलच्या ट्यूबलेस टायरला आतून हवाबंद रबराचे अस्तर असते आणि तिच्या ओतीव चाकाला स्पोकची भोके नसतात. सायकलीच्या रिमला बहुधा २८ किंवा ३२ भोके असतात आणि टायरच्या बाजू वजन वाचवण्यासाठी इतक्या पातळ ठेवलेल्या असतात, की त्यांतून हवा हळूहळू पाझरते. १९९९ साली आलेल्या यूएसटी पद्धतीत टायर आतून हवाबंद आणि रिमचा तळ भोकांविना केलेला होता. ती भरवशाची होती, पण टायर जड होत. आता रूढ असलेल्या पद्धतीत रिमची भोके खास टेपने बुजवतात आणि टायरमध्ये सीलंट ओततात. हे सीलंट म्हणजे बहुधा रबराच्या झाडाचा चीक, तो साकळू नये म्हणून घातलेला अमोनिया आणि भोकात अडकून बसतील असे बारीक कण. ते पंक्चरसाठी असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात टायरच्या भिंतीची सूक्ष्म छिद्रे भरून तिला हवाबंद करणे हे त्याचे पहिले काम असते.

त्याचे दुसरे काम पाहण्यासारखे आहे. माळावर पसरणाऱ्या सराट्याचे फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात आणि तुकडा कसाही पडला तरी त्याचा एखादा काटा वर रोखलेला राहतो. असा काटा टायरमधून उपटला की पांढऱ्या द्रवाचा बारीक फवारा उडतो. भोक खाली येईल असे चाक फिरवले की फवाऱ्याचा बुडबुडा होतो, तो दोन-तीनदा फुटतो, आणि मग दूध नासावे तसा चीक साकळून तेथे मेणासारखा ठिपका उरतो.

भरवशाचा खरा प्रश्न येतो तो जुन्या चाकाचे रूपांतर करताना. २९ इंची रिमवर टायरची कडा जेथे बसते तेथला व्यास ६२२ मिलिमीटर असतो, २७.५ इंचीचा ५८४. ट्यूबलेससाठी घडवलेल्या रिमला या बैठकीच्या आतल्या बाजूस एक बारीक उंचवटा असतो, जो कडेला मधल्या घळीत घसरू देत नाही. साध्या रिमला तो सहसा नसतो, आणि तेथे कडेला जागेवर धरून ठेवते ती फक्त आतली हवा. माझ्या पहिल्या रूपांतरात एका कारागिराने साध्या रिमवर विजेच्या कामाची टेप गुंडाळून दिली होती. घरी चाक दोन दिवस फुगलेले राहिले, पण जोतिबाच्या उतारावर एका वळणात भार एका बाजूला गेला, कडा क्षणभर बैठकीवरून सुटली, आणि हवा, सीलंट व माझा आत्मविश्वास एकदमच बाहेर पडले. सुदैवाने मी सायकल थोपवू शकलो.

योग्य रिम, ताण न पावणाऱ्या कडेचे टायर आणि ताणून बसवलेली टेप असली, की उरलेले काम कॉम्प्रेसरचे. कडांना साबणाचे पाणी लावायचे, व्हॉल्व्हची आतली सुई काढायची आणि हवा एकदम सोडायची. कडा बैठकीवर चढताना फटाक्यासारखा एक आवाज येतो, मग दुसरा. दोन्ही बाजूंचे आवाज ऐकल्याशिवाय मी दुकानातून हलत नाही.

हवा सावलीत मोजावी, कारण २५ अंशांवर २४ पीएसआय भरलेले टायर उन्हात ४५ अंशांपर्यंत तापले तर दाब सुमारे अडीच पीएसआयने चढतो. आणि सीलंट वाळते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत तर दोन-तीन महिन्यांतच आत नुसते रबराचे गोळे उरू शकतात. गेल्या उन्हाळ्यात मागचे टायर उलटे केले, तेव्हा त्यात असा एक लिंबाएवढा गोळा निघाला, आणि आतल्या बाजूने बोट फिरवल्यावर सात काट्यांची टोके लागली, प्रत्येकाभोवती एक पांढरा ठिपका. त्यांतला एकही काटा घुसल्याचे मला तोवर कळले नव्हते.